मॅचच्या गेटवर अंगझडती : कुठवर, कुणाकडून, कशी?

तेलगावच्या चौकातून बीड, परळी, माजलगाव आणि धारूर अशा चारही दिशांना गाड्या सुटतात. मोठी मॅच बघायची तर मात्र रस्ता एकच, पुण्याजवळचं गहुंजे, नाहीतर मुंबईचं वानखेडे. चार-सहा जण मिळून क्रूझर ठरवतात, रात्री निघतात, सकाळी पोहोचतात. तिकिटाचे, डिझेलचे आणि खाण्यापिण्याचे पैसे मोजून गेटापाशी उभं राहावं, तर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला कुणीतरी खेकसतो, "हात वर! खिशात काय आहे ते सगळं काढ!" पाण्याची बाटली ओतायला लावतात, पाकिटातली नाणी डब्यात टाकायला लावतात. कधी पट्टा सोडायला सांगतात, कधी मानेला धरून पुढे ढकलतात. बोलण्यावरून माणूस मराठवाड्याकडचा आहे हे कळलं की समोरचा आवाज आणखी चढतो, हेही खरं.

यातलं किती मुकाट्याने सोसायचं, कुठे "थांबा" म्हणायचं आणि थांबा म्हटल्यावर पुढे काय करायचं, ते तिकीट काढण्याआधीच माहीत असावं. गेटवर, मागून रेटा असताना, कायदा शिकायला वेळ नसतो.

आपल्याकडे वेड कबड्डीचं आणि क्रिकेटचं. तरी या लेखात फुटबॉल अधूनमधून येईल, कारण प्रेक्षकालाही हक्क असतात हा मुद्दा जगभर लावून धरला तो फुटबॉलच्या समर्थकांनी. त्यांनी जे मिळवलं ते गहुंजेच्या रांगेतही उपयोगी पडतं.

आधी दुसरी बाजू. झडती ही काही उगाच सुरू झालेली नाही. १३ मार्च १९९६ ला कोलकात्यात विश्वचषकाचा उपांत्य सामना भारताच्या हातून निसटताना दिसला, तेव्हा ईडन गार्डन्सवर बाटल्यांचा पाऊस पडला आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. ५ ऑक्टोबर २०१५ ला कटकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना बाटल्यांमुळेच दोनदा थांबला. २००८ च्या २६ नोव्हेंबरनंतर मुंबईत कुठल्याही गर्दीच्या जागी तपासणी आली ती कायमची. अगदी अलीकडे, १३ डिसेंबर २०२५ ला, मेस्सी नीट दिसलाच नाही म्हणून कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लोकांनी बाटल्या आणि खुर्च्या मैदानात भिरकावल्या. दुसऱ्याच दिवशी तो वानखेडेवर येणार होता, तिथला बंदोबस्त कसा असेल हे सांगायला नको. कोल्हापूरकरांना तर हे सगळं घरचंच आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे समर्थक आमनेसामने आले की मैदानाभोवती पोलीस लागतात, आणि हुल्लडबाजीपायी स्पर्धाच थांबवण्याची वेळ तिथे आलेली आहे. म्हणून "माझी तपासणी करायचीच नाही" असा हट्ट धरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तपासणी होणारच. ती कशी होते, एवढाच वाद आहे.

समोर उभा आहे तो कोण?

गेटवर तीन प्रकारची माणसं असतात आणि गर्दीत ती सारखीच दिसतात. एक, खाकीतला पोलीस. दोन, खाजगी सुरक्षा एजन्सीचा रक्षक, ज्याला आपण सिक्युरिटीवाला म्हणतो. तीन, काळ्या टी-शर्टातला बाउन्सर किंवा आयोजकांनी दिवसभरासाठी आणलेला स्वयंसेवक. परदेशात फुटबॉलच्या मैदानावर ज्यांना स्टुअर्ड म्हणतात, ते या दुसऱ्या-तिसऱ्या गटात मोडतात.

पोलिसाला कायद्याने अधिकार दिलेले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसाची कायदेशीर सूचना न पाळणाऱ्याला तो बाजूला काढू शकतो, ताब्यातही घेऊ शकतो. त्याच्या अंगावर गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी बळाचा वापर, तुमच्यावर लागू शकतं. पोलिसाशी वाद घालायचा असेल तर तो कागदावर, नंतर.

सिक्युरिटीवाल्याचं तसं नाही. त्याच्याजवळ पोलिसाचा कुठलाही अधिकार नाही. स्टेडियम ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी घातलेल्या अटी तपासायला त्याला ठेवलेला आहे. तुम्ही तपासणीला तयार झालात तर तो तपासेल. नाही म्हणालात तर तो "मग आत सोडता येणार नाही" असं म्हणू शकतो. त्याची ताकद तिथे संपते. तो तुम्हाला जबरदस्तीने धरून अंगझडती घेऊ शकत नाही, खोलीत कोंडू शकत नाही, फोन उघडायला लावू शकत नाही, वस्तू "जप्त" करू शकत नाही. एखाद्याने त्याच्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला, तरच कुठल्याही नागरिकासारखं त्याला त्या माणसाला धरून ठेवता येतं, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पाण्याच्या बाटलीपायी हे कलम लागत नाही.

या एजन्सींसाठी खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ हा कायदा आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही. रक्षकाचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं, त्याच्या चारित्र्याची पडताळणी व्हावी लागते, आणि कामावर असताना फोटोचं ओळखपत्र त्याच्याजवळ असावं लागतं. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. पोलीस किंवा लष्करासारखा गणवेश घालून मिरवणं हा याच कायद्याच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. आता गेटवरच्या त्या जॅकेटवाल्याकडे पुन्हा बघा. नाव कुठे लिहिलंय? एजन्सी कोणती? मोठ्या सामन्याला एकदम शेकड्यांनी माणसं लागतात. ठेकेदार उपठेकेदाराला सांगतो, तो रोजंदारीवर पोरं गोळा करतो. धसमुसळेपणाचं मूळ मला तरी या साखळीत दिसतं, गेटवरच्या पोराच्या स्वभावात नव्हे.

हात कुठवर जाऊ शकतो

साधी तपासणी म्हणजे दरवाजाच्या चौकटीसारख्या यंत्रातून जाणं, अंगावरून मशीन फिरवणं, आणि गरज पडली तर आधी सांगून कपड्यांवरून हात फिरवणं. पिशवी तुम्ही उघडून दाखवायची, खिसे तुम्ही रिकामे करायचे. कपडे काढायला लावणं, पँटची चेन उघडायला सांगणं, कपड्यांच्या आत हात घालणं, जांघेत चिमटणं, हे सुरक्षेच्या नावाखालीही चालत नाही. कुणी तसं केलं तर तो तपासणीचा भाग राहत नाही, तो गुन्हा होतो.

बायकांची तपासणी बाईनेच करायची, आडोशाला. कायद्याचं तर्कशास्त्र सोपं आहे : अटक झालेल्या स्त्रीचीसुद्धा झडती स्त्रीनेच, सभ्यतेचं पूर्ण भान ठेवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ सांगतं. आरोपीला जे संरक्षण आहे ते तिकीट काढून आलेल्या लेकीबाळींना नाही, असं कोण म्हणेल? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आईबरोबर, मैत्रिणींबरोबर मॅचला जायचं म्हणणाऱ्या पोरी आपल्याकडेही आहेत. त्यांना एवढं नक्की शिकवून पाठवा : बाई नसेल तर "बाई येईपर्यंत थांबते" म्हणायचं आणि बाजूला उभं राहायचं. पुरुष रक्षकाने हात लावला तर न्याय संहितेचं कलम ७४ आहे, एक ते पाच वर्षांची शिक्षा असलेलं. कपडे उतरवायला भाग पाडलं तर कलम ७६. अश्लील शेरा मारला तर कलम ७९. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत पॉक्सो कायदाही लागू होतो.

रोजंदारीच्या रक्षकाच्या हातात झडती दिली की काय होतं, याचा वाईट नमुना मैदानावरचा नाही, परीक्षेचा आहे. १७ जुलै २०२२ च्या नीट परीक्षेला केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या आयूरच्या केंद्रावर धातूचा हुक आहे म्हणून मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, आणि त्या मुलींसाठी ४ सप्टेंबरला पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. त्याच दिवशी आपल्या वाशिममध्ये बुरखा आणि हिजाब उतरवायला लावल्याची तक्रार विद्यार्थिनींनी केली. ही उदाहरणं मुद्दाम देतो आहे. डॉक्टर होण्यासाठी परीक्षेला बसणारी मुलं तेलगाव-धारूर भागातल्या घराघरांत आहेत, आणि परीक्षा केंद्राचा दरवाजा काय, स्टेडियमचं गेट काय, रक्षक त्याच साखळीतून आलेला असतो. बुरखा, पगडी किंवा डोक्यावरचा रुमाल तपासायचा असेल तर आडोशाला, त्याच लिंगाच्या व्यक्तीने, मान ठेवून. शीख माणसाच्या कृपाणाचा तर उल्लेख राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच आहे.

फोनचं पुन्हा सांगतो, कारण तरुण पोरं तिथेच भुलतात. "गॅलरी दाखव" म्हटलं की दाखवतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. फोन चालू आहे की नाही हे दाखवण्यापुरता चालू करून दाखवा. त्याच्या आत शिरायचं कारण सिक्युरिटीवाल्याला नाही.

पाण्याची बाटली

सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरून होतात, आणि आपल्या लोकांच्या मनाला ते लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, बीड जिल्हा टँकरवर जगत होता, आणि मैदानांवर मारायच्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्या, असा आदेश निघाला. त्या उन्हाळ्यातून गेलेल्या माणसाला भरलेली बाटली गटारात ओतायला सांगणं म्हणजे काय, हे तसं सांगणाऱ्याला कळणं अवघड आहे.

तरीही बाटली आत नेऊ न देण्याची अट घालता येते. पण त्याबरोबर जबाबदारी येते. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांच्या बाबतीत निकाल दिला : बाहेरचं खाणं अडवायचा मालकाला हक्क आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. निकाल थिएटरचा आहे, स्टेडियमचा नाही; पण ग्राहक आयोगासमोर हाच युक्तिवाद मांडायला कुणी हरकत घेणार नाही. गहुंजेला २४ ऑक्टोबर २०२४ ला काय झालं ते आठवा. न्यूझीलंडविरुद्ध कसोटीचा पहिला दिवस, डोक्यावर छप्पर नाही, बाटल्या गेटवर काढून घेतलेल्या, आणि आतलं पाणी संपलं. लोकांनी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नावाने घोषणा दिल्या, आणि सचिवांनी जाहीर माफी मागितली. बाटली काढून घेणाऱ्यावर पाणी देण्याची जबाबदारी येते, हे माफीतूनच कबूल झालं असं मी समजतो.

निघण्याआधी

तिकिटाच्या मागे किंवा ऑनलाइन तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात बंदीची यादी असते. कुणी वाचत नाही. वाचा, आणि फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. गेटवर "हेही चालत नाही" असं सांगितलं तर यादी दाखवता येते. साधारणपणे बॅग, बाटली, डबा, पॉवर बँक, छत्री, हेल्मेट, लायटर, काडेपेटी, परफ्यूम, सेल्फी स्टिक आणि बऱ्याच ठिकाणी नाणी आत जात नाहीत. गायछापची पुडी आणि चुन्याची डबी हमखास काढून घेतात. त्यासाठी भांडू नका, गाडीत ठेवा. खिशातला छोटा चाकू, नेलकटर, अडकित्ता हेही गाडीतच. गाडी कुठे लावली ते नीट लक्षात ठेवा, कारण गेटवरून परत गाडीपर्यंत जाऊन यायला अर्धा डाव संपतो.

इन्सुलिन, दम्याचा पंप, हृदयाची गोळी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर आणि औषध मूळ पाकिटात. कुबडी किंवा श्रवणयंत्र कुणी काढून ठेवायला सांगितलं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र दाखवा आणि ठाम राहा. लहान बाळाच्या दुधाची बाटली वेगळी धरा, पिशवीत खाली दडवू नका. फलकावर काय लिहिता तेही बघा. चौकार-षटकाराचे पुठ्ठे बहुतेक ठिकाणी चालतात, राजकीय मजकूर अडवला जातो. तो अडवणं योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, आणि तो गेटवर सुटत नाही.

एक गोष्ट टाळता येते ती टाळा : शेवटच्या अर्ध्या तासात पोहोचणं. ४ जून २०२५ ला बंगळुरूमध्ये चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांवर रेटारेटीत ११ जण गेले. रक्षकाच्या हातून सगळ्यात जास्त धक्काबुक्की होते ती सामना सुरू व्हायच्या वेळी, जेव्हा त्याच्यावर मागून ओरडणारे असतात आणि तुमच्यामागे ढकलणारे. दोन तास आधी गेलं की तोच माणूस "या दादा" म्हणतो.

गेटवर तोंड कसं उघडायचं

१६ मे २०१२ ची रात्र. वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्धचा सामना संपल्यावर शाहरुख खान आणि सुरक्षारक्षक यांच्यात जुंपली. त्याचं म्हणणं, रक्षकांनी आमच्या मुलांना धक्काबुक्की केली. मुंबई क्रिकेट असोसिएशनचं म्हणणं, त्याने शिवीगाळ केली. निकाल काय लागला? पाच वर्षं वानखेडेवर बंदी, जी २०१५ मध्ये उठवली. रक्षकांनी मुलांना ढकललं की नाही हा प्रश्न शिव्यांच्या व्हिडिओखाली गाडला गेला. एवढ्या मोठ्या नटाचं हे झालं. क्रूझरमधून आलेल्या पाच पोरांची बाजू कोण ऐकून घेणार? तुमची तक्रार कितीही खरी असली तरी तुमचा आवाज चढला की चर्चा तुमच्या आवाजाची होते.

म्हणून बोलायचं ते असं. "दादा, तपासा, हरकत नाही. फक्त आधी सांगा काय करायचंय." हात चुकीच्या जागी गेला तर तिथेच, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण शिवी न देता : "हात बाजूला घ्या. अशी तपासणी मला मान्य नाही. तुमचे सुपरवायझर बोलवा." मग रांगेतून बाहेर या, म्हणजे मागचा रेटा तुमच्या अंगावर येणार नाही. नाव, जॅकेटवरचा नंबर, एजन्सीचं नाव, गेट नंबर आणि वेळ नोंदवा. बरोबरच्या एकाने दोन पावलं मागे राहून व्हिडिओ घ्यावा, रक्षकाच्या तोंडात फोन खुपसू नये. जवळ पोलीस असेल तर त्याला "साहेब, जरा बघता का" म्हणून बोलवा. गेटवर पोलीस बऱ्याचदा सिक्युरिटीवाल्यापेक्षा समजूतदार निघतो, कारण झडतीचे नियम त्याला शिकवलेले असतात.

वस्तू काढून घेतली तर टोकन मागा. टोकन देत नसतील तर वस्तू गाडीत ठेवून येण्याची परवानगी मागा. "इथेच टाका" हा एकच पर्याय दिला गेला, तर कुणी दिला, ते नोंदवा. वस्तू तुमचीच राहते. ती सोडून देणं हा तुमचा निर्णय असतो, त्याचा हुकूम नव्हे.

आत न जाण्याचा पर्यायही खरोखर असतो, आणि तो वापरायला लाजू नका. अपमान सहन करून मॅच बघणं किंवा न बघता परत येणं, यांतलं काय निवडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण परत फिरणार असाल तर तिकीट फाडू नका. पुढचं सगळं त्या तिकिटावर उभं आहे.

घरी आल्यावर

पहिल्या चोवीस तासांत एक काम करा : स्टेडियमच्या असोसिएशनला, आयोजकांना आणि तिथल्या पोलीस आयुक्तालयाला ईमेल. त्यात एवढंच लिहा : "अमुक तारखेला, अमुक वाजता, गेट नंबर अमुक येथे आमची तपासणी करताना असा असा प्रकार घडला. त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. संबंधित रक्षकाच्या एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक कळवावा." भावना, उपमा, शिव्या वगळा. सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही. मागितल्याचा पुरावा असला तर ते पुसलं गेलं म्हणून हात झटकणं त्यांना अवघड जातं.

मारहाण, विनयभंग किंवा कोंडून ठेवणं झालं असेल तर पोलिसांत जा. त्यासाठी पुणे-मुंबईला परत जायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ते शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. "तिकडेच जा" असं उत्तर मिळालं तर हे कलम सांगा आणि अर्जाची पोच घ्या. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. पोलिसानेच ज्यादती केली असेल तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. तिथे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

आत सोडलं नाही, तिकिटाचे पैसे बुडाले, पाणी दिलं नाही, अपमान झाला, हा सगळा ग्राहक म्हणून सेवेतल्या त्रुटीचा विषय. आणि इथे आपल्या फायद्याची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गहुंजेच्या गेटवर अडवलेल्या तेलगावच्या माणसाने बीडच्या जिल्हा आयोगात अर्ज करायचा, आणि पुण्याच्या आयोजकाने, मुंबईच्या तिकीट कंपनीने तारखांना बीडला यायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. पाच जणांचं गाऱ्हाणं एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. बऱ्याच तिकीट कंपन्या तिथूनच पैसे परत करतात, कारण तारखेला बीडला येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बंदोबस्त नेमका कुणाच्या हातात होता हे कुणीच सांगत नसेल तर पोलीस आयुक्तालयाकडे माहितीचा अर्ज टाका. त्या दिवशी कोणत्या एजन्सीला परवानगी होती, आयोजकांना कोणत्या अटी घातल्या होत्या, हे विचारा. असोसिएशन खाजगी असली तरी पोलीस सरकारी आहेत. मुंबईत आयपीएलच्या बंदोबस्ताचं शुल्क कसं थकलं हे एका कार्यकर्त्याच्या माहिती अर्जातूनच बाहेर आलं आणि २०२४ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

एकटा माणूस आणि जमलेली माणसं

युरोपात प्रेक्षकांचे हक्क एकेकट्याने मिळाले नाहीत. १५ नोव्हेंबर २००८ ला मँचेस्टरजवळच्या एका पबमध्ये बसलेल्या स्टोक सिटीच्या सुमारे ८० समर्थकांना, काहीही केलेलं नसताना, पोलिसांनी बसमध्ये कोंबून गावाकडे परत पाठवलं. समर्थकांच्या संघटनेने आणि एका मानवी हक्क संस्थेने प्रकरण लावून धरलं. पोलिसांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. जर्मनीत त्याहून थेट झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये म्युनिकच्या मैदानाबाहेर फ्रँकफर्टच्या समर्थकांची कसून झडती घ्यायला तंबू उभारले होते, आणि त्याच सुमाराला अशा झडत्यांची तरतूद असलेला सुरक्षा आराखडा क्लबांपुढे यायचा होता, १२ डिसेंबरला. देशभरच्या मैदानांवर समर्थकांनी सामन्याची पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद तोंडातून आवाज काढला नाही. ज्या मैदानावर ढोल आणि गाणी थांबत नाहीत, तिथली ती शांतता टीव्हीवर सगळ्यांना ऐकू गेली. विरोध झाल्यामुळे आराखड्याचा पहिला मसुदा त्याआधीच बदलावा लागला होता.

आपल्याकडे मुंबई सिटी एफसीच्या वेस्ट ब्लॉक ब्लूजसारखे समर्थक गट आहेत, कोल्हापुरात तालमी आहेत. क्रिकेटच्या प्रेक्षकांची मात्र हक्कांसाठी लढणारी ठोस संघटना माझ्या ऐकिवात नाही. कोट्यवधी लोक बघतात आणि गेटवर प्रत्येक जण एकटा असतो. तेलगावातून एका मॅचला दोन-तीन गाड्या जात असतील तर निदान एक साधी व्यवस्था करता येईल : एका माणसाकडे सगळ्यांच्या तिकिटांचे फोटो, एकाकडे व्हिडिओचं काम, एकाकडे बोलण्याचं. गटातला जो सगळ्यात लवकर तापतो त्याला रांगेत मधे ठेवा, पुढे नको.

आता उरला तो जॅकेटवाला. तो कदाचित केजचा, गेवराईचा किंवा आपल्याच तालुक्यातला असेल. ऊसतोडीला जायचं नाही म्हणून पुण्यात सिक्युरिटीत शिरलेली पोरं आपल्या ओळखीची आहेत. तुमच्या घरातला कुणी या कामाला जात असेल तर त्याला हे सांगा : ओळखपत्र आणि प्रशिक्षणाचा कागद मिळाल्याशिवाय गेटवर उभं राहू नकोस. बायकांच्या रांगेत "तूच बघून घे" असं सुपरवायझर म्हणाला तर नाही म्हण, कारण कलम ७४ लागलं तर ते तुझ्या नावाने लागतं, सुपरवायझरच्या नाही. कपड्याच्या आत हात घालायचा तोंडी हुकूम मिळाला तर तो लेखी माग. आणि राज्यात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत; पगार बुडाला, बारा तासांचे सोळा तास झाले, तर तिथे नाव नोंदलेलं आहे का, ते आधी बघून घे.